कणगी मोडली ते वर्ष

गाव सोडलं तो दिवस शुक्रवार होता, एवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. पेंढा भरायला आलेल्या टेम्पोत मागे आमची जागा झाली. एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, माझी बायको सुनंदा आणि तिच्या मांडीवर सहा महिन्यांची मुलगी. आईने मागून तांदळाचं पोतं, सुक्या जवळ्याचा डबा, चिंचेचे गोळे आणि मिठाचं मडकं चढवलं. ते मी एकेक करून खाली उतरवलं. आळीतल्या तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, कारण तुम्ही बघत होतात म्हणूनच मी जरा मोठ्याने बोललो, "आई, नारपोलीला खोलीच्या खालीच दुकान आहे. लागेल तेव्हा, लागेल तेवढं आणायचं. तिकडे कोणी साठवत नाही."

संध्याकाळी भिवंडीतल्या नारपोलीला उतरलो तर दुकानाचं शटर खाली. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद, आणि आमच्या गल्लीत लूम बंद म्हणजे दुकानही बंद. पहिलं जेवण आम्ही धामणकर नाक्यावरच्या गाडीचा वडापाव खाऊन उरकलं. चहाची पूड, साखर आणि चिमूटभर मीठ शेजारच्या खोलीतल्या भाभीकडून आलं. सुनंदाने उरलेलं मीठ पुडीत बांधून ठेवलं.

पण दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं आणि मला त्या दुकानाचं वेड लागलं. आपल्याकडे बाजार गुरुवारी, तोही डोंगर उतरून. त्या दिवशी जे विसरलं ते पुढच्या गुरुवारपर्यंत विसरलेलंच राहायचं. इथे मी कढईत तेल तापत ठेवून मोहरी आणायला खाली जायचो आणि तेल जळायच्या आत वर यायचो. सकाळी हातगाडीवाला गल्लीत "मेथी लो, पालक लो" ओरडायचा आणि वर कोथिंबीर फुकट टाकायचा. कोथिंबीर फुकट, हे मी गावी इतक्यांदा सांगितलं, की लोकांना वाटलं मला भिवंडीत तेवढंच मिळालं. आधी लूमवर सुताच्या कांड्या भरल्या, मग गोडाऊनला लागलो. तिथे बिस्किटांचे, तेलाचे खोके पत्र्यापर्यंत रचलेले. हातात कागद घेऊन त्यांच्यामधून फिरताना मला वाटायचं, आता आपल्या घरात कधी काही कमी पडणार नाही.

बाबा गेले आणि आई गावी एकटी राहिली. दर वैशाखात ती पावसाळ्याची बेगमी करायची. बांबूच्या कामट्यांची, शेणमातीने लिंपलेली, माणसाच्या उंचीची कणगी घरात उभी असायची. तिच्यात वर्षाचे तांदूळ. शेजारी मिरच्या, सुकी मासळी, वाल, चुलीचं लाकूड. तिचे गुडघे दुखायचे आणि कणगीत उंदीर व्हायचे, ही कारणं मी पुढे केली. खरं कारण असं, की गोडाऊनमधले मित्र एकदा गावी आले आणि त्यांनी कणगीचा फोटो काढला. मला लाज वाटली. पुढच्या खेपेला मी ती मोडली आणि तिच्या जागी लोखंडी पलंग ठेवला. आई खाली बसून सांडलेले दाणे गोळा करत होती. म्हणाली, "पाऊस काय तुला इचारून येनार हाय?"

तेव्हापासून आमच्या शेताच्या वाट्याचे तांदूळ थेट नारपोलीला, माझ्या ड्रममध्ये येऊ लागले. दर दुसऱ्या शनिवारी मी मोटरसायकलवरून त्यातलेच पाच किलो आईला नेऊन द्यायचो, सोबत तेल, साखर, बिस्किटं. आईचे तांदूळ आईकडून निघून भिवंडीला यायचे आणि भिवंडीहून आईकडे परत जायचे. आमच्या गोडाऊनमध्ये माल असाच फिरतो, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. तिचं नावही मी गावच्या रेशनकार्डावरून कमी करून माझ्या कार्डावर चढवलं. सगळं एका जागी असलेलं बरं, म्हणून.

मग लॉकडाऊन लागला. लूम थांबले आणि नारपोली इतकी गप्प झाली, की नळाचं पाणी आलेलं ऐकू येई. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. दुकान सकाळी दोन तास उघडायचं, पण आत तेल असलं तर साखर नसायची आणि साखर असली तर डाळ. टोमॅटो गेले, तेव्हा सुनंदाने आमटीत चिंच घातली. चहाची पूड वाळवून दुसऱ्यांदा उकळली. एक कांदा दोन दिवस पुरवायला ती शिकली आणि मी न विचारता खायला शिकलो. तांदूळ मात्र होते. ड्रमवर झाकण होतं आणि झाकणावर सुनंदाची नजर.

आईला रोज फोन करायचो. गावाने वेस बंद केली होती, बाहेरचा माणूस आत नाही आणि मी आता बाहेरचा होतो. लॉकडाऊनच्या आधीच्या शनिवारी मी देऊन आलो होतो ते तांदूळ फार तर पंधरा दिवसांचे. मी विचारायचो, आहे का सगळं? ती म्हणायची, "हाय रं सगलं. तू पोरांचं बघ." मला ते खरं वाटायचं. खरं वाटून घेणं त्या दिवसांत सगळ्यात सोपं होतं.

दीड महिन्याने गोडाऊनने पास दिला, वाडा तालुक्याकडे, आमच्या गावावरूनच, माल न्यायचा होता. टेम्पोत मी ड्रममधले दहा किलो घातले आणि वेशीवर उतरलो. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. पलीकडे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यातली काशीकाकू, माझी चुलती, ओळखू आली. दुसरी कोण ते मला कळेना. ती आई होती.

पोतं फांद्यांवरून पलीकडे ठेवून मी मागे सरलो, तसा नियमच होता. आई पोत्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. काशीकाकूला राहवलं नाही. "अरं, तुझी आय म्हयनाभर रानातला कडूकंद खाते. सुकलेल्या वेलाखालून खनून आनते, काप करून कडूपना जायला रातभर वहालाच्या पान्यात ठेवते. माना कालच कललं. तांदूल संपलं ता कोनाला बोलली न्हाय."

"गप गं काशे," आई म्हणाली. मग मला, "पोरांना पुरलं ना तांदूल?"

ती का बोलली नाही, ते मला तिथेच समजलं. टेम्पोतून पोतं उतरवताना मी जे मोठ्याने बोललो होतो ते सगळ्या आळीने ऐकलं होतं, आणि कणगी मोडली तीही सगळ्यांनी पाहिली होती. कोणाच्या दारात वाटी घेऊन जाणं म्हणजे माझं हसं करणं. तिने ते केलं नाही. कडूकंद नीट धुतला गेला नाही की घसा सुजतो, पोट जातं. ते तिचं दोनदा झालं होतं.

पुढच्या वैशाखात तिने नवी कणगी विणून घेतली. कामट्या मी वाहिल्या. तिने भरली, आणि माझ्या पिशवीतलं त्यानंतर काही घेतलं नाही, फक्त चहाची पूड घ्यायची. पण ती आधीची आई राहिली नव्हती. दोन पावसाळे काढले आणि गेली. तेराव्याला मी भिवंडीहून टेम्पो भरून सामान नेलं. त्यातले तांदूळ कोणी उघडलेच नाहीत. सगळं गाव तिच्या कणगीतून जेवलं.

माझ्यासारखे जे गाव सोडून गोडाऊनांच्या आसऱ्याला आले, त्यांना खोटं कशाला सांगू, मला आजही ते दुकान आवडतं. सकाळी शटर वर गेल्याचा आवाज आला की बरं वाटतं. पण घर कशाला म्हणायचं याचा विचार करतो तेव्हा मला वाटतं, आपल्याकडचं काय संपलंय ते जिथे न लाजता सांगता येतं ते घर. आणि आईला ते सांगायला या जगात एक माणूस नव्हतं.

तेराव्याहून परत आल्यावर हे मी सुनंदाला म्हणालो. ती ताटात तांदूळ निवडत होती.

"होतं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही आंघोळीला गेला होतात, तेव्हा फोन आला. त्याला सांगू नको, तो निघेल, पोलीस मारतील, म्हणाल्या. मी हो म्हटलं. पण मला पोलिसांची भीती नव्हती. ड्रममध्ये किती उरलंय ते मी रोज बघत होते. तुम्ही निघाला असतात, तर अर्धे घेऊन गेला असतात."