मुकादम सरांची सही

मुकादम सरांच्या समोर पहिल्यांदा बसलो, तेव्हा त्यांनी माझी मार्कलिस्ट पालथी घालून ठेवली आणि म्हणाले, "आज वर्गात काय शिकवलं ते सांग. मराठीत सांग." मी घसारा म्हणजे काय, वापराने वस्तूची किंमत कशी घटते, ते सांगू लागलो आणि थोड्याच वेळात अडखळलो. "हां, इथे अडतोस तू. इंग्रजीचं नंतर बघू." मला वाटलं, मी माणगावच्या मराठी शाळेतून आलेला, म्हणून माझ्यापुरती ही सवलत असेल. पण ते सगळ्यांनाच असं सांगायला लावत. केरळचा मुलगा मल्याळममध्ये सांगायचा, सुदानची मुलगी अरबीत. मल्याळम तर सरांना अजिबात येत नव्हतं. तरी ते मुलाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे आणि नेमक्या जागी हात वर करायचे. "भाषा नाही कळत, पण अडलेला माणूस कळतो," असं त्यांचं म्हणणं.

शारजातल्या एका छोट्या खासगी कॉलेजात ते अॅकॅडमिक अॅडव्हायझर होते. कोणते विषय घ्यायचे, कोणते सोडायचे, नापास झाल्यावर पुढे काय, हे ठरवायला मुलं त्यांच्याकडे जायची. मूळचे दापोलीकडचे. कोणाकडे गणपतीला जेवायला आले आणि कोणी विचारलं, "सर, तुम्ही नेमकं शिकवता काय?" की म्हणायचे, "काही नाही. पोरांना 'नको' म्हणतो. त्याचाच पगार मिळतो." आणि मुलाला ओढून कॉम्प्युटरच्या कोर्सला घालणाऱ्या वडिलांना ते सांगत, "मुलगा तुमचा, विषय त्याचा. यल्ला, चला, आता त्याला बोलू द्या."

माझे वडील फुजैराला जहाजांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर वडिलांनी आईला आणि मला तिकडे नेलं. कॉलेजसाठी मी शारजाला होस्टेलवर राहू लागलो. तिथला नियम असा, की मुलगा अठराचा झाला की तो पूर्णवेळ शिकत असेल तरच वडिलांच्या व्हिसावर राहू शकतो. तसा दाखला कॉलेजने दरवर्षी द्यायचा आणि त्यावर सही मुकादम सरांची. पहिल्याच सेमिस्टरला मी दोन विषयांत आपटलो. असा मुलगा पुढच्या वेळी तीनच विषय घेतो. पण तीन विषय म्हणजे पूर्णवेळ नाही, आणि पूर्णवेळ नाही म्हणजे व्हिसा खलास.

वडील शेअर टॅक्सीने डोंगर ओलांडून शारजाला आले. इस्त्रीचा शर्ट घालून सरांसमोर बसले. "साहेब, कागदावर पाच विषय दाखवा. पोरगा तीन शिकेल. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, कदमभाऊ," सर म्हणाले.

"मग त्याला गावाला पाठवू?"

"मी असं कुठे म्हटलं? पाच घेईल तो. खरोखरचे पाच. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की माझ्या घरी पाठवा."

त्या वर्षी शुक्रवारच्या सुट्टीला मी फुजैराला फारसा गेलो नाही. रोला भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून, आमचा अभ्यास चालायचा. काकी सांदण करायच्या. मी नको म्हटलं की सर म्हणत, "खा रे. 'नको' म्हणायचं काम माझं आहे." सेमिस्टर संपलं तेव्हा मी पाचही विषयांत पास होतो. सरांनी दाखल्यावर सही केली आणि वर म्हणाले, "ही मी नाही केली, तू केलीस."

त्यांचा मुलगा इरफान माझ्याच वयाचा, आमच्याच कॉलेजात. त्याला इंजिनांचा नाद. सरांनी मात्र त्याला बिझनेस आणि कॉम्प्युटरला घातलं. बाकीच्या वडिलांना सांगितलेलं त्यांना स्वतःच्या घरात सुचलं नाही. इरफान भांडला नाही, नुसता वर्गात यायचा बंद झाला. दिवसभर इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये उभा असायचा. व्हिसाची तारीख आली, तेव्हा हजेरीत त्याच्या नावापुढे सगळीकडे गैरहजर.

मी ऑफिसच्या दारातच होतो. सरांच्या शेजारी बसणारे इजिप्तचे सहकारी म्हणाले, "हबीबी, तुला नको असेल तर मी करतो सही. मुलगा आहे तुझा."

सर म्हणाले, "तू केलीस तरी ती माझीच होईल."

इरफान समोर उभा होता. "अब्बा, एक चान्स द्या. आय विल कम टू क्लास."

"आलास की देईन. आधी नाही."

पुढचं सेमिस्टर सुरू व्हायला अवकाश होता आणि व्हिसा तेवढा थांबणार नव्हता. इरफान दापोलीला गेला. एअरपोर्टवर काकी रडत होत्या. सरांनी त्याची बॅग ट्रॉलीवर नीट ठेवली, पट्टा आत खोचला आणि हात पुढे केला. इरफानने तो हातात घेतला नाही. त्यानंतरच्या शुक्रवारीही सरांनी मला बोलावलं, शिकवलं. फक्त मधेच थांबायचे. मी अडलो नसलो तरी थांबायचे.

मी बी.कॉम. झालो, आमच्या घरातला पहिला. निकाल सांगायला फुजैराहून फोन केला तर सर म्हणाले, "वडिलांना फोन दे." दोघं काय बोलले माहीत नाही. वडील रिसीव्हर ठेवून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पुढे सरांची साठ वर्षं पूर्ण झाली आणि कॉलेजने त्यांचा व्हिसा वाढवला नाही. उभं आयुष्य त्या वाळवंटात काढलेला माणूस सामानाची खोकी बांधून दापोलीला गेला. ज्या मुलाने हात हातात घेतला नव्हता, त्याच्याच घरी राहायला. दोन वर्षांत गेले. मला कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा इरफान दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर भेटला. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात पुसत बाहेर आला, चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी विचारलं, "सर कधी काही बोलले का? त्या सहीबद्दल?"

"एकदाच. शेवटच्या महिन्यात. म्हणाले, 'इरफान, मी सही केली असती तर तू शिकला असतास?' मी म्हटलं, 'नाही अब्बा. मी पुन्हा दांडीच मारली असती. तुम्ही केलंत ते बरोबर होतं.' त्या रात्री नीट झोपले ते. अम्मी म्हणाली, कितीतरी दिवसांनी."

"खरंच नसतास शिकला?"

इरफानने भरतीच्या पाण्यात डुलणाऱ्या बोटीकडे पाहिलं.

"शिकलो असतो रे," तो म्हणाला. "त्या दिवशी घाबरलो होतो मी. नक्की शिकलो असतो."