शटरच्या आत

त्याला पहिल्यांदा पाहिलं ते गोठ्यात. अमळनेरपासून दोन-तीन कोसांवरचं गाव. बैलाच्या साखळीनं त्याचा उजवा पाय खुंट्याला जखडलेला होता. घोट्याची कातडी सोलून निघाली होती आणि जखमेवर माश्या बसल्या होत्या. एकेकाळी तो कापूस बाजारात हमाल होता, वय चाळिशीचं. कानात कुणीतरी सतत शिव्या देतं म्हणायचा. त्याच भरात एकदा त्यानं थोरल्या भावाचा जबडा फोडला होता. तेव्हापासून तो साखळीला होता.

मी पंचविशीचा. नव्वदच्या आसपास आम्ही काही जणांनी अमळनेरला एका भाड्याच्या खोलीत दिवसाचं केंद्र सुरू केलं होतं. मनाचा आजार असलेली, मतिमंद म्हणून घरात कोंडलेली मोठी माणसं सकाळी यायची, कागदी पिशव्या चिकटवायची, दुपारी जेवून घरी जायची. महिन्यातून एकदा धुळ्याहून डॉक्टर यायचे. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्यावर त्याची साखळी सुटली आणि चार-पाच महिन्यांत तो एकटा एसटीनं येऊ लागला.

केंद्रात त्याच्या शेजारी एक बाई बसायची. तिशीची, जन्मापासून मंद. दिवसभरात तिच्या तोंडून चार शब्दही निघत नसत.

त्या उन्हाळ्यात पोरं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली होती. तरी बाजाराच्या दिवशी मी दोघांना घेऊन पिशव्या पोचवायला गेलो. मी दुकानदाराशी बोलत होतो. मागं एक लहान मुलगी आई हरवली म्हणून रडत होती. त्यानं तिला कडेवर उचललं.

"हाऊ पोरे पळवस!" कुणीतरी ओरडलं.

तिच्या आईनं धावत येऊन मुलगी हिसकावून घेतली आणि पहिला फटका त्याच्या पाठीवर बसला. मग तराजूची दांडी, सायकलची चेन, चपला, जे हाताला लागेल ते. मी पुढं झालो तशी कुणीतरी माझ्या कानाखाली मारली. "ह्याच्या संगतीचा शे!" दुकानदारानं मला कॉलर धरून आत ओढलं आणि शटर खाली घेतलं. "भाऊ, तुम्हालाही मारून टाकतील."

शटरला कुलूप नव्हतं. हात घातला असता तर वर गेलं असतं. मी जमिनीवर बसून खालच्या फटीतून बघत राहिलो. फक्त पाय दिसत होते, आणि पायांच्या मध्ये त्याचं तोंड. प्रत्येक लाथेबरोबर ते इकडून तिकडे होत होतं. एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. तो ओरडतही नव्हता.

तेवढ्यात ती त्याच्यावर पालथी पडली. दोन-तीन लाथा तिलाही बसल्या.

"मारू नका रे! हाऊ मना भाऊ शे!"

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. बाईमाणूस पाहून हात थांबले. ती मुलगी आणि तिची आई केव्हाच निघून गेल्या होत्या. पाय हळूहळू पांगले, तेव्हा मी शटर उचललं.

त्याचा डावा डोळा गेला, तीन फासळ्या मोडल्या. आठवड्यानं थोरला भाऊ केंद्रावर आला. त्याचं तोंड अजून वाकडंच होतं.

"तुम्ही होते ना तिथं?"

"गर्दीत अडकलो होतो," मी म्हणालो.

पिशव्यांच्या ढिगाआडून ती बाई म्हणाली, "दुकानमा व्हता."

 भावानं मला एकच थोबाडीत दिली. दात ओठात घुसला, शर्टावर रक्त सांडलं. मी तोंड पुसलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हमसून रडू लागला. "मीच बरा बांधून ठेवत होतो त्याले," एवढंच त्याला म्हणता आलं.

दोन महिन्यांनी तोच त्याला परत घेऊन आला. घरी तो दिवसभर भिंतीवर डोकं आपटत होता. आल्या आल्या तो तिच्या शेजारी बसला आणि खळीची वाटी पुढं ओढली. मी डावीकडून हाक मारली, तर अंग चोरून त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. त्यानंतर मी नेहमी समोरून जाऊ लागलो.

पुढं सहा-सात वर्षं तो येत राहिला. त्या दिवसाबद्दल त्यानं मला कधी काही विचारलं नाही. वर्षभरानं तो पुन्हा बाजारात जाऊ लागला, पण तिच्याबरोबर. मी येतो म्हटलं की पिशव्या खाली ठेवायचा.