दूर बघ म्हणणारं माणूस

मैत्रिणींनो, आज दुपारी नातीनं मोबाइलवर बस चालवायचा गेम दाखवला. वळणं बघता बघता माझं डोकं ठणकलं अन् मळमळायला लागलं.

"आजी, बस मी चालवायलेय अन् उलटी तुला व्हायलीय?" ती हसली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या साली माझं लग्न झालं. चारठाण्याला माहेरी जाताना एसटीत असंच व्हायचं. आमचे हे हातात लिंबू द्यायचे अन् म्हणायचे, "खाली बघू नको. दूर देवळाचं शिखर दिसतं का बघ." बरं वाटायचं.

आज दूर बघायला गेले, तर मोबाइलमध्ये दूर काहीच नव्हतं.

ते गेल्यापासून मी एसटीत बसले नाही. उद्या पहिल्यांदाच एकटी माहेरी निघालेय. लिंबू पिशवीत टाकलंय.

तुमच्यातल्या एकट्या बाया प्रवासात कुठं बघतात?