कान असलेलं पार्सल

नोकरीत खुनांचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. पण कोणी विचारलं की साहेब, तुमची आवडती केस कोणती, तर मला आठवतं ते विटा भरलेलं एक पार्सल. आजही ती हकिकत सांगायला बसलो की हातातला चहा गार होतो.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. एका सकाळी वरिष्ठांकडून चौकशीसाठी कागद आला. कॅनडातल्या एका गृहस्थाची ईमेलवरून तक्रार होती: नाशिकच्या एका बाईकडून इंटरनेटवर तांब्याची हंडी विकत घेतली, पार्सल फोडलं तर आत विटा. मी तो कागद दोनदा वाचला. आमच्या ठाण्यात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर लिखापढीचा हवालदार, आमचा रायटर, पत्ते खेळायचा.

बाईला बोलावलं. तांबट घरातली सून, तिशीच्या आतली. सासरे आणि नवरा ठोक्याची भांडी घडवायचे आणि ही सायबर कॅफेत जाऊन त्या भांड्यांचे फोटो एका परदेशी बाजाराच्या साइटवर टाकायची. विक्री चांगली चालली होती. आता मात्र एक नव्हे, तीन गिऱ्हाइकांना विटा पोचल्या होत्या. साइटवाल्यांनी तिला दहा दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात पुराव्यासह खुलासा आला नाही तर खातं कायमचं बंद.

"इथं आता स्टीलशिवाय कोणी काही घेत नाही, साहेब," ती म्हणाली. "खातं गेलं की आमची भट्टी गेली."

खरं सांगतो, माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. नाशिकच्या गल्लीत बसून कॅनडाला हंडी विकायची, हे मला पचतच नव्हतं. तरी रीत म्हणून विचारलं, माल जातो कसा? तिनं धडाधड सांगितलं. बोटीनं पाठवलं तर स्वस्त, पण पोचायला महिने लागतात आणि गिऱ्हाईक धीर सोडतं. परदेशी कुरिअर झटपट, पण हंडीपेक्षा त्याचंच भाडं जास्त. राहिलं पोस्टाचं विमानी पार्सल. त्यासाठी खोक्यावर मांजरपाटाचं जाड कापड शिवायचं, कस्टमचा फॉर्म भरायचा आणि रांगेत अर्धा दिवस घालवायचा. घरचं सगळं आवरून तिला ते जमेना, म्हणून तिनं एक एजंट धरला. ती घरी पार्सल शिवून द्यायची, तो घरून उचलायचा, आपल्या ऑफिसात लाखेचं सील मारायचा आणि पोस्टात बुक करायचा. विटा निघालेली तिन्ही पार्सलं त्याच्याच हातून गेली होती.

एजंटला ठाण्यात आणलं. गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्याला "सर". पोस्टाच्या तिन्ही पावत्या त्यानं टेबलावर मांडल्या. वजन बाईनं सांगितलं होतं तेवढंच, सील शाबूत. बाईनंच विटा भरल्या असतील तर मी काय करणार, असं त्याचं म्हणणं. दोन दिवस उलटसुलट विचारलं, पण गडी ताकास तूर लागू देईना. आणि तिची मुदत सरत चालली होती.

मग मी तिला म्हटलं, त्या तिन्ही गिऱ्हाइकांकडून पार्सलाचे फोटो मागवा, जसे असतील तसे. फोटो आले तसा मी वर्दीतच तिच्याबरोबर सायबर कॅफेत गेलो. मला पाहून केबिनमधली दोन जोडपी मागच्या दारानं पसार झाली. कॅनडावाला हौशी निघाला. त्यानं पार्सल फोडण्याआधीच एक फोटो काढून ठेवला होता. तो पडद्यावर आला आणि मी ताडकन उठलो. शिवलेल्या तोंडाच्या दोन्ही टोकांना कापडाचे दोन शेंडे उभे होते.

मी देवळा तालुक्याचा. कांद्यात वाढलो. कांद्याची गोणी शिवताना हमाल दोन्ही कोपऱ्यांना मूठभर कान सोडतो, ते धरून गोणी पाठीवर घ्यायची असते. मी बाईला विचारलं, तुम्ही असे कान सोडता? ती म्हणाली, छे, मी कडा दुमडून सपाट शिवते, नाहीतर पत्ता कुठं लिहिणार? झालं! पार्सल उसवून पुन्हा शिवलं होतं, आणि ज्यानं शिवलं त्याचा हात कांद्याच्या गोण्यांवर बसलेला होता. माझ्या अंगात वीज खेळली म्हणा ना.

दोन पंच घेऊन तडक एजंटचं गोदाम गाठलं. त्याच्याकडे पॅकिंगला तीन माणसं होती. तिघांपुढे सारखं खोकं, मांजरपाट आणि दाभण ठेवलं आणि सांगितलं, शिवा. पहिल्या दोघांनी कडा दुमडल्या. तिसरा कळवणकडचा, चाळिशीतला, पूर्वी कांदा मार्केटात गोण्या शिवणारा. त्यानं झपाझप टाके घातले आणि दोन झकास कान काढले. मी सहज विचारावं तसं विचारलं, हे कशाला?

"उचलाया, साहेब. कान नाय तर धरायचं कुठं?"

मी शेजारी कॅफेतून छापून आणलेला फोटो ठेवला. त्याचा चेहरा उतरला. "मालकानं सांगितलं, मी शिवलं," तो खाली बघत म्हणाला. "बाकी मला काय ठाव नाय."

मालकाची मग त त प प सुरू झाली. पोटमाळ्यावर तिन्ही हंड्या सापडल्या, नव्या खोक्यांत, परदेशी पत्त्यांसह, आणि पाठवणारा म्हणून त्याचंच नाव. बाईचे फॉर्म भरता भरता कुठं काय खपतं ते त्याला कळलं होतं. तिच्याच मालावर त्यानं त्याच साइटवर स्वतःचं दुकान उघडलं होतं. सासऱ्यांनी पंचांसमोर आपल्या हातोडीचे ठोके ओळखले. एजंटवर फसवणूक आणि अपहाराचा गुन्हा दाखल झाला.

नवव्या दिवशी वरिष्ठांच्या परवानगीनं मी इंग्रजीत पत्र लिहिलं. तीन ओळींना तीन तास लागले. त्यात एवढंच होतं की ही बाई आरोपी नाही, फिर्यादी आहे. तिनं ते पंचनाम्याच्या प्रतीसह पाठवलं. दोन दिवसांनी तिचा ठाण्यात फोन आला, खातं चालू राहिलं. मी ठाणे अंमलदाराच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचं पेन स्टेशन डायरीवर घसरलं.

ती जबाबावर सही करायला आली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, ताई, पहिले दोन दिवस माझा संशय तुमच्यावरच होता.

"घरातही सगळ्यांचा माझ्यावरच होता, साहेब," ती म्हणाली. "पण माल कसा पाठवतेस, हे फक्त तुम्ही विचारलंत."

मी तर तो प्रश्न नुसता रीत म्हणून विचारला होता. तिला ते सांगायचं धाडस मला झालं नाही. निवृत्त होईपर्यंत मात्र, ज्याचा धंदा मला कळत नव्हता त्याला आधी खुर्ची दिली आणि काम कसं चालतं ते पहिल्यापासून विचारलं.