तीन तास पुढे धावणारा कंप्युटर

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी आणि भाऊजींनी लाखनीला, हायवेला लागून, कंप्युटरवर पत्रिका काढून देण्याचं दुकान टाकलं. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांना ज्योतिष येत होतं, मी नागपूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि कंप्युटर नागपुरातल्याच एका ऑफिसने टाकून दिलेला होता. तिघांत थकलेला तोच.

जन्मवेळ टाकली की तो विचारात पडायचा. गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा-आलूभजी आटोपून यायचं, तरी पडदा हलायचा नाही. एकजण तर म्हणाला, "पोरीचं लगन होऊन जाईन, मंग काढजा पत्रिका," आणि निघून गेला.

"भाऊजी, नवीन घेऊ," मी म्हणालो.

"काहून? हा चालून नाही राहिला का? याले जरा पळव."

पळवायची एक युक्ती मला ठाऊक होती. कंप्युटरच्या मेंदूला ठोके देणारी नखाएवढी चकचकीत डबी आत असते, तिला क्रिस्टल म्हणतात. ती काढून जास्त जलद ठोक्याची लावली, तर मेंदू भरभर चालतो; मात्र तापतोही. मी आठवडाभर टाळाटाळ केली. शेवटी बहिणीने जेवताना विचारलं, "तुले येते का नाही येत?" दुसऱ्याच दिवशी मी नागपूरहून क्रिस्टल आणून कथलाचा डाग देऊन बसवला. वरचं झाकण काढून ठेवलं आणि टेबलफॅन रोखून लावला. त्या वाऱ्याने पत्रिका उडायच्या, पण निघायच्या झपाट्याने. भाऊजी खूश.

मग एक दिवस शेजारच्या गावातली एक म्हातारी आली.

"बाप्पा, माही म्हैस हरपली. मशीनले पुसून पाहा."

हरवलेल्या वस्तूसाठी प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडतात. वेळ कंप्युटर स्वतःच्या घड्याळातून घ्यायचा. ते मी रोज सकाळी दुकान उघडताना लावत असे. कागद निघाला. भाऊजींनी वाचून सांगितलं, "पूर्वेले जा आजी. पाण्यापाशी." म्हातारी हात जोडून निघाली.

ती रस्त्यापलीकडे गेली आणि भाऊजींचा चेहरा उतरला. "बाबू, आता किती वाजून राहिले?"

"चार."

"मंग कागदावर सात कसे?"

मी कपाळावर हात मारला. घड्याळही त्याच क्रिस्टलच्या ठोक्यांवर चालत होतं! मेंदू पळाला तसा वेळही पळाला होता. संध्याकाळच्या आकाशावरून आम्ही दुपारीच म्हातारीला म्हैस शोधायला पाठवलं होतं.

मी सायकल काढून मागे धावलो. म्हातारी झपाझप चालणारी. गावाबाहेरच्या बोडीवर गाठली, तर ती काठावर उभी राहून म्हशीला शिव्या देत होती आणि म्हैस पाण्यात नाकापर्यंत बुडून ऐकत होती. आमच्या भागात कुठल्याही दिशेला निघा, तळं नाहीतर बोडी लागतेच. आणि म्हैस दुसरीकडे जाणार तरी कुठे?

"बरोबर सांगतलं मशीननं!" म्हातारी म्हणाली. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तिने म्हशीचा दोर माझ्या हातात दिला.

पुढे महिनाभर दुकानात हरवलेल्या गुरांचीच गर्दी. जुना क्रिस्टल परत लावू म्हटलं तर भाऊजी ऐकेनात. "हात नको लावू. मशीनले साधलं आहे." मग प्रत्येक प्रश्नाआधी मी गुपचूप मनगटावरचं घड्याळ पाहून कंप्युटरची वेळ दुरुस्त करायचो. योगायोग म्हणा, तेव्हापासून आमचा अंदाज जास्त चुकू लागला.

एप्रिलच्या उन्हात एका दुपारी जळका वास आला आणि पडदा काळा झाला. नवीन घ्यायचा की नाही, हा वाद तिथेच मिटला.

नव्या कंप्युटरला हळदकुंकू लावून भाऊजींनी पहिला प्रश्न स्वतःच विचारला: "हा किती वर्षं टिकन?" मी बटण दाबलं. त्याच वेळी अख्ख्या लाखनीची लाइट गेली.

"समजलं," भाऊजी म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.