ठोकून बघ म्हणणारे मामा

लॅबमामा नवी वस्तू हातात आली की आधी नखाने टिचकी मारायचे आणि कान जवळ न्यायचे. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे परीक्षानळ्या धुणारे, टेबलं पुसणारे. दहावी नापास. स्टाफरूममध्ये त्यांचा चहाचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला असायचा. का, ते आम्ही मुलींनी कधी विचारलं नाही.

विज्ञानाचे सर धडे लिहून द्यायचे. धातू चमकतात, वर्धनीय असतात. अधातू ठिसूळ असतात. एकदा सर मीटिंगला गेले आणि मामांनी आम्हाला लॅबमध्ये बोलावलं. फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर तांब्याच्या तारेचा तुकडा, गंधकाचा खडा आणि हातोडी.

"वही ठेव गं. ठोकून बघ."

तार चपटी झाली. गंधकाचा भुगा उडून माझ्या रिबिनीवर बसला. 'वर्धनीय' हा शब्द महिनाभर पाठ करत होते, तो तेव्हा कळला.

मग त्यांनी बॅटरी आणि बल्ब काढला. तांब्याने बल्ब लागला, गंधकाने नाही. आम्ही निष्कर्ष सांगणार, तेवढ्यात त्यांनी पेन्सिलीतली काडी वायरींना जोडली. मिणमिणता का होईना, बल्ब लागला.

"मग हा धातू का?"

"हो!" मी घाईने म्हटलं.

त्यांनी काडी बोटांत धरून कट्कन मोडली. "वाकली का? हे ग्रॅफाइट. वीज नेतं, तरी अधातू. एका खुणेवरून कुणाची जात ठरवायची नसते, पोरी." आणि एकटेच हसले.

त्या वर्षी ठाण्यात, खोपटच्या डेपोजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मामांनी जुन्या प्लायवूडवर धातू-अधातू ओळखायची पाटी बनवली आणि काखेत धरून तिथवर आणली. परीक्षक येताना दिसले तसे सर म्हणाले, "मामा, जरा बाहेर थांबा." बक्षीस मिळालं. मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव पुकारलं गेलं. मामा बाहेर पायरीवर बसून आमच्या चपला सांभाळत होते. त्या सरांचा मी पुढे कित्येक वर्षं राग राग केला.

आता मी कल्याणच्या शाळेत विज्ञान शिकवते. हातोडी, गंधक, बल्ब, सगळं मामांचंच. गेल्या वर्षी त्याच 'अभिनव पद्धती'साठी ठाण्यात माझा सत्कार झाला. भाषणात मी मुख्याध्यापिकांचे आभार मानले, पालकांचे मानले, पहिल्या रांगेत बसलेल्या त्या सरांचेही मानले. मामांचा उल्लेख करायचं मनात होतं. पण व्यासपीठावर 'आमचे एक शिपाई' म्हणायचं की काय, याची मला लाज वाटली. आणि त्यांचं नाव मला माहीतच नव्हतं.

पत्ता काढत मी खडवलीला त्यांच्या मुलीकडे पोचले, तेव्हा मामांना जाऊन दोन महिने झाले होते.

"पेपरात तुमचा फोटो बघितलेला त्यांनी," ती म्हणाली. "सगळी बातमी मला मोठ्याने वाचायला लावली. शेवटपर्यंत. मग म्हणाले, परत एकदा वाच, काहीतरी राहिलं असेल."

मी खाली बघत विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव काय होतं?"

"आता कशाला, मॅडम?"

तिने सांगितलं नाही. मला दुसऱ्यांदा विचारवलं नाही.