कानात सांगायचं नाव

भाच्याच्या बारशाची सकाळ उजाडली तरी त्याचं नाव ठरलेलं नव्हतं. दादाला हवं होतं नीरव, वहिनीला अनिकेत, आणि बाबांना दोन्ही नको होती.

"अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो," बाबा वहिनीला म्हणाले. "मग मांजरी गावात फ्लॅट कुणासाठी घेतलात?"

"अहो बाबा, शंकराचं नाव आहे ते."

"शंकराला बिल्डर भेटला नव्हता."

दादा हसला, तसे बाबा त्याच्याकडे वळले. "नीरव म्हणजे ज्याचा आवाज नाही असा. आत काय चाललंय ते ऐक जरा."

आत बाळ घर डोक्यावर घेत होतं. शेवटी वहिनी वैतागून मला म्हणाली, "अगं, नाहीतरी कानात आत्याच सांगते. तू ठरव. आम्हालाही आधी सांगू नकोस." दादाने लगेच मान हलवली. मी आणि सगळ्यांसमोर बोलणार? शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही.

मोबाइलवर शोधलं, तर मुलाच्या प्रत्येक नावाचा अर्थ तेजस्वी, पराक्रमी किंवा विश्वाचा स्वामी. ज्याला अजून मान धरता येत नाही, त्याच्यावर एकदम विश्व? मग बाबांचा जाडजूड शब्दकोश घेऊन बसले. इंग्लिश मीडियममुळे 'भ' आधी की 'म' आधी हे मला अजून मनात म्हणून बघावं लागतं. 'म'मध्ये एक शब्द सापडला, खूप आवडला, पण कुणीच न सुचवलेलं नाव सगळ्यांसमोर कोण उच्चारणार? मी नीरव पक्कं केलं. निदान दादा तरी खूश.

कसबा पेठेतला तो छोटासा हॉल माणसांनी भरला होता. मी पाळण्यावर वाकले. मागे माम्या, काकू, मावश्या माझ्या पाठीत धपाटे घालायला हात सरसावून उभ्या. बाळ बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, तोंड लालबुंद, मुठी हवेत. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अडकले. प्रत्येक लग्नामुंजीत मला कुणीतरी विचारतंच, "ही बोलते की नाही?" नीरव ठेवलं, की याच्याबद्दलही तेच विचारणार, वर म्हणणार, नावच तसं आहे. आणि हा तर काय सुरेख ओरडत होता! मला हसू फुटलं, पाठीवर दणादण धपाटे पडले, आणि त्या गडबडीत मी त्याच्या कानात दुसरंच नाव सांगून टाकलं.

"काय गं? मोठ्याने सांग!"

"मिहिर!" मी ओरडलेच.

दादा-वहिनी एकमेकांकडे बघायला लागले. बाबांनी चष्मा वर केला. "अर्थ?"

"सूर्य. पण बाबा, शब्द मूळचा इराणकडचा! आपल्या वेदांतल्या 'मित्र' देवाच्या नावाचा भाऊच तो. तिकडे वेगळा वाढला, बदलला, मग इकडे येऊन संस्कृतात राहिला!"

"म्हणजे माझ्यासारखाच," नागपूरची वहिनी म्हणाली. "बाहेरून आला आणि इथलाच झाला. मला चालेल."

दादाने बाळाला उचललं आणि नाव हळूच म्हणून पाहिलं. मग परत म्हणून पाहिलं. मी मात्र थांबेचना. मावशीला इराण, काकूला सूर्य, पाणी वाटणाऱ्या मामांना दोन्ही समजावत सुटले.

"पेढे वाटायला घ्या," बाबा म्हणाले. "हिचं संपायची वाट बघाल, तर मिहिर शाळेत जाईल."